व्हीटीनंतरची तीन अक्षरं

रायपूरच्या माना विमानतळावर ७ ऑगस्ट २०१५ रोजी बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं एक एमडी-८३ विमान इंजिनातल्या बिघाडामुळे तातडीने उतरलं. ढाक्याहून मस्कतला निघालेले दीडशेहून अधिक प्रवासी पुढे मार्गस्थ झाले, विमान मात्र इथेच राहिलं. पुढच्या वर्षी कंपनी बंद पडली, पार्किंगचं भाडं चढत गेलं, पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला, तरी ते धूड रायपुरातून काही हललं नाही. मालकी, देणी आणि नोंदणी यांचा गुंता सुटल्याशिवाय परक्या देशाच्या विमानाला हात लावता येत नाही, आणि ते परक्या देशाचं आहे हे सांगणारी खूण म्हणजे त्याच्यावर रंगवलेलं 'एस२'. ज्या देशाच्या नोंदवहीत विमान आहे त्या देशाचं राष्ट्रीयत्व त्या विमानाला मिळतं, असं १९४४ च्या शिकागो कराराचं सतरावं कलम सांगतं. अठराव्या कलमानुसार एकाच वेळी दोन देशांत नोंदणी ग्राह्य धरली जात नाही, आणि विसावं कलम ही खूण विमानावर दिसलीच पाहिजे असा आग्रह धरतं.

हे झालं कारखान्यात बनलेल्या, दस्तऐवजांची थप्पी सोबत घेऊन आलेल्या विमानाचं. पण एखाद्याने स्वतःच्या हाताने, घराच्या गच्चीवर किंवा मागच्या शेडमध्ये विमान बांधलं, तर त्यावर ही अक्षरं कशी येतात? ती केवढी असावी लागतात, कुठे लावायची, कोण देतं, आणि ती मिळाली म्हणजे नेमकं काय मिळालं? रायपूर-भिलाईच्या पट्ट्यात चांगल्या फिटरांची, वेल्डरांची आणि अभियंत्यांची वाण नाही. अभियांत्रिकी शिकणारी मराठी घरांतली मुलं हा प्रश्न गांभीर्याने विचारतात आणि त्यांना धड उत्तर मिळत नाही. म्हणून हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. अक्षरांच्या मापाचे नियम चांगले आहेत, ते सैल करायची काही गरज नाही. आपल्याकडे अडचण आहे ती त्या अक्षरांपर्यंत पोचण्याच्या वाटेची, आणि ती वाट रुंद करणं शक्य आहे.

कायदा कसा घडत गेला ते थोडक्यात पाहू. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या पॅरिस करारात देशादेशांना अक्षरं वाटली गेली. ब्रिटनला 'जी' मिळालं आणि ब्रिटिश हिंदुस्थानातली विमानं 'जी-आय' अशी सुरुवात करणारी चिन्हं लावू लागली. १९२७ मध्ये वॉशिंग्टनला रेडिओ परिषद झाली, तिथे बिनतारी संदेशांसाठी नवे अक्षरगट ठरले, आणि १९२९ पासून हिंदुस्थानच्या विमानांवर 'व्हीटी' आलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, त्या पस मॉथ विमानावर व्हीटी-एडीएन ही अक्षरं होती. पुढे १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम आले. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे.

१९३७ च्या नियमांतले तीन नियम आपल्या कामाचे. नियम ५ म्हणतो की नोंदणी झाल्याशिवाय आणि राष्ट्रीयत्वाचं व नोंदणीचं चिन्ह लावल्याशिवाय कुणी विमान उडवू नये, दुसरा कुणी उडवत असेल तर त्याला मदतही करू नये. नियम ३० नोंदणी प्रमाणपत्राचा आहे. मालक कोण, तो भारतीय नागरिक आहे की परदेशी, विमानाचा प्रकार कोणता, बांधणाऱ्याने दिलेला अनुक्रमांक काय, ते कोणत्या साली बनलं, हे सगळं त्यात येतं. नियम ३७ चिन्ह विमानावर कसं लावायचं याचा. यातला एकही नियम चिन्हाच्या बाबतीत कारखान्याचं विमान आणि गच्चीवरचं विमान असा भेद करत नाही. एअर इंडियाच्या अजस्र बोईंगला जो नियम, तोच दोन माणसं कशीबशी मावतील अशा विमानाला.

आपल्या गाडीवरच्या 'सीजी ०४' शी याची तुलना केली की बरंच उलगडतं. गाडीचा नंबर जिल्हा सांगतो, विमानाचं चिन्ह देश सांगतं. गाडीला चॅसिस नंबर असतो, तसा विमानाला बांधणाऱ्याचा अनुक्रमांक. फरक एवढाच की गाडीचा चॅसिस नंबर कारखान्यातून ठोकून येतो आणि शोरूममध्ये कुणी तो विचारतही नाही. घरी बांधलेल्या विमानात हा अनुक्रमांक देणारा कोण, हाच पहिला पेच असतो. त्याकडे पुढे येईन.

आधी अक्षरांचं माप, कारण याबद्दल फार सैल बोललं जातं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने फेब्रुवारी १९४९ मध्ये शिकागो करारासाठी सातवं परिशिष्ट स्वीकारलं. जगभरच्या चिन्हांचा हा मूळ ग्रंथ. त्यानुसार धडाच्या दोन्ही बाजूंना पंख आणि शेपटी यांच्या दरम्यान, किंवा उभ्या शेपटीच्या वरच्या भागावर, अक्षरांची उंची किमान ३० सेंटिमीटर हवी. पंखाखाली ती किमान ५० सेंटिमीटर हवी. 'आय' हे अक्षर आणि '१' हा आकडा सोडला तर प्रत्येक अक्षराची रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, आणि मधल्या आडव्या रेघेची लांबीही तेवढीच. ती रेघसुद्धा एक अक्षर म्हणूनच मोजली जाते. अक्षराच्या रेषेची जाडी उंचीच्या एक-षष्ठांश. दोन अक्षरांमधली फट रुंदीच्या निदान एक-चतुर्थांश. अक्षरं मोठ्या रोमन लिपीतली, बिनानक्षीची, आणि मागच्या रंगावर उठून दिसणारी.

आता हे गणित एका खऱ्या चिन्हावर मांडून पाहू. ज्याची कहाणी पुढे येते त्या व्हीटी-एनएमडी मध्ये रेघेसकट सहा अक्षरं आहेत. ३० सेंटिमीटर उंचीला प्रत्येकाची रुंदी २० सेंटिमीटर, म्हणजे सहांचे १२० सेंटिमीटर. मधल्या पाच फटी प्रत्येकी ५ सेंटिमीटरच्या, म्हणजे आणखी २५. एकूण १४५ सेंटिमीटर लांब पट्टा झाला आणि रेषा ५ सेंटिमीटर जाड. पंखाखाली ५० सेंटिमीटरची अक्षरं घेतली तर हाच पट्टा जवळजवळ २४२ सेंटिमीटर होतो. पंखाखालचं चिन्ह डाव्या पंखावर येतं, अक्षरांचे माथे पंखाच्या पुढच्या कडेकडे, आणि पुढच्या व मागच्या कडेपासून जमेल तितकं सारखं अंतर राखून.

छोट्या विमानात खरी अडचण धडावर येते. पंखाच्या मागे दीड मीटर लांबी सहसा मिळते, पण धड शेपटीकडे निमुळतं होत जातं. डाव्या बाजूला चिन्हाचं शेवटचं अक्षर शेपटीकडे येतं, उजव्या बाजूला पहिलं. म्हणजे एका बाजूला 'डी'ची उंची मावत नाही आणि दुसऱ्या बाजूला 'व्ही'ची. एक बाजू रंगवून झाल्यावर तोच कागदी साचा उलट्या बाजूला धरला की हे लक्षात येतं. अशा वेळी सरळ उभ्या शेपटीचा पर्याय पाहावा. नळ्यांच्या उघड्या सांगाड्याचं विमान असेल आणि नियमात सांगितलेले भागच त्याला नसतील, तर विमान सहज ओळखता येईल अशा रीतीने चिन्ह लावायची मुभा परिशिष्टात आहे. ती मुभा आपण स्वतःच गृहीत धरायची नसते, अधिकाऱ्याला आराखडा दाखवून मान्य करून घ्यायची असते.

चिन्ह रंगवावं किंवा रंगाइतक्याच टिकाऊ रीतीने चिकटवावं, आणि ते कायम स्वच्छ व दिसतं ठेवावं, असाही दंडक आहे. हल्ली व्हिनाइल कापून चिकटवण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा स्वस्त व्हिनाइलच्या कडा सुटतात आणि त्यात धूळ शिरते. फायबर आणि इपॉक्सीच्या विमानांत आणखी एक गोष्ट जपावी लागते. ही विमानं पांढरी रंगवतात ती शोभेसाठी नव्हे. गडद रंग उन्हात तापतो आणि तापलेलं इपॉक्सी मऊ पडतं. त्यामुळे काळ्या अक्षरांचा मोठा पट्टा कुठे येतो आणि त्याखाली कोणता भार घेणारा भाग आहे, हे बांधणाऱ्याने आधीच पाहून ठेवावं.

अमेरिकेतले नियम वाचून आलेला माणूस म्हणतो की एवढी मोठी अक्षरं कशाला. तिथे हौशी बांधणीच्या विमानाचा कमाल क्रूझ वेग १८० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३३३ किलोमीटर, याहून जास्त नसेल तर ३ इंची अक्षरं चालतात. वेग जास्त असेल तर १२ इंची लागतात. देशाच्या हवाई सुरक्षा पट्ट्यातून ये-जा करायची असेल तरी तात्पुरती का होईना, १२ इंचीच लावावी लागतात. ३ इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर, धावपट्टीच्या कडेला उभं राहूनही वाचता येणार नाहीत अशी. मला ही सवलत आपल्याकडे नको वाटते. घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते धानाच्या शेतात उतरणार, आणि तिथे सगळ्यात आधी पोचणार ते गावकरी आणि ठाण्याचा हवालदार. त्यांना लांबून वाचता येईल आणि फोनवर सांगता येईल असं चिन्ह हवं. ३० आणि ५० सेंटिमीटरचं माप त्यासाठीच योग्य आहे.

अमेरिकेची दुसरी गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे. तिथे अशा विमानाच्या प्रत्येक दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द २ ते ६ इंच उंचीच्या अक्षरांत लिहावा लागतो. आतही पाटी असते, की हे विमान हौशी माणसाने बांधलं आहे आणि प्रमाणित विमानांचे सुरक्षा नियम ते पाळत नाही. आत बसणाऱ्याला सगळं उघड सांगून मग त्याच्यावर सोडायचं, ही प्रामाणिक रीत आहे. ब्रिटनमध्येही परमिटवर उडणाऱ्या विमानांत अशी सूचना लावतात.

काही देश याच्या पुढे जाऊन चिन्हातच ही माहिती घालतात. फ्रान्समध्ये हौशी बांधणीच्या विमानाचं चिन्ह 'एफ-पी'ने सुरू होतं. स्वीडनमध्ये 'एसई-एक्स', स्वित्झर्लंडमध्ये 'एचबी-वाय'. दक्षिण आफ्रिकेत प्रमाणित विमानांना 'झेडएस' आणि टाइप सर्टिफिकेट नसलेल्यांना 'झेडयू'. ऑस्ट्रेलियात हलकी विमानं सांभाळणारी मनोरंजक उड्डाणाची संघटना स्वतः बांधलेल्या विमानांना '१९' ने सुरू होणारे आकडे देते. ब्रिटन आणि अमेरिका असा वेगळा गट ठेवत नाहीत. तरी मला फ्रान्सची पद्धत सर्वांत भावते. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला पहिल्या हाकेतच कळतं की समोर कशा प्रकारचं विमान आहे.

आता आपल्या उदाहरणाकडे. कॅप्टन अमोल यादव जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. आधीच्या दोन प्रयत्नांनंतर त्यांनी तिसरं, सहा आसनी विमान मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला तेव्हा ते खाली उतरवून तिथे मांडण्यात आलं आणि देशाला त्याची ओळख झाली. टीएसी-००३ असं त्याचं मॉडेल. बांधणी आणि प्रदर्शन झालं तरी नोंदणीचं घोडं अडलेलंच होतं. दरम्यानच्या वर्षांत नियमांची भाषा बदलत गेली होती, आणि एका व्यक्तीने स्वतः बांधलेलं विमान कोणत्या रकान्यात बसवायचं हाच प्रश्न उरला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पाठपुरावा केला, पंतप्रधान कार्यालयापर्यंत विषय गेला, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोंदणी प्रमाणपत्र दिलं. चिन्ह व्हीटी-एनएमडी. नरेंद्र मोदी आणि देवेंद्र यांच्या नावांतली ही आद्याक्षरं असल्याचं यादव यांनीच सांगितलं.

अक्षरं पसंतीची मिळतात का, असं लोक विचारतात. मोकळी असतील तर मिळू शकतात. विजय मल्ल्या यांच्या एअरबसवर व्हीटी-व्हीजेएम होतं, ही त्यांच्या नावाचीच आद्याक्षरं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या केरळच्या एका अभियंत्याने करोनाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या कंपनीचा किट आणून चार आसनी विमान जुळवलं आणि मुलीच्या नावावरून जी-डीआयवायए असं चिन्ह घेतलं. फक्त धोक्याच्या संदेशांशी गोंधळ होईल अशी अक्षरं कुणालाच मिळत नाहीत. एसओएस, पीएएन, टीटीटी, एक्सएक्सएक्स ही बाद. बिनतारी संदेशांत 'क्यू'ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत असतात, तीही बाद.

व्हीटी-एनएमडीच्या कहाणीत सगळ्यांनी नीट पाहावा असा भाग २०१७ नंतरचा आहे. चिन्ह मिळालं, बातम्या छापून आल्या, आणि बहुतेकांची समजूत झाली की आता विमान उडणार. पण उड्डाणाची परवानगी, ज्याला सगळे 'परमिट टू फ्लाय' म्हणतात, ती मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. चाचणी उड्डाणं त्यानंतर, २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर. नोंदणी सांगते विमान कुणाचं आणि कोणत्या देशाचं. ते उडण्यालायक आहे की नाही हे सांगणारा कागद वेगळा, तपासणारे वेगळे. शेपटीवर व्हीटी पाहून विमान सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणं चूक, आणि चिन्ह हाती आलं म्हणून इंजिन सुरू करून धावपट्टीवर निघणं हा गुन्हा. रायपुरातल्या ज्या मुलाला विमान बांधायचं आहे, त्याच्या आईवडिलांनी हा एक भेद तरी पक्का समजून घ्यावा.

दोन्ही कागदांत दोन वर्षं का गेली, याचं मूळ नियमांच्या घडणीत आहे. विमानाची रचना आणि निर्मिती यांसाठीचा सीएआर-२१ (सीएआर म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या आवश्यकता) हा संच प्रामुख्याने संस्थांना मान्यता देण्याभोवती बांधलेला आहे. रचना करणारी मान्यताप्राप्त संस्था, निर्मिती करणारी मान्यताप्राप्त संस्था, मग टाइप सर्टिफिकेट, मग उड्डाणयोग्यता. प्रवासी वाहतुकीच्या विमानाला हेच हवं. एकटा माणूस एकच विमान, ते विकण्यासाठी नाही तर शिकण्यासाठी आणि स्वतः उडवण्यासाठी बांधतो, त्याची वाट या साखळीतून जात नाही. अमेरिकेने ती वाट वेगळीच काढली आहे. विमानाचा अर्ध्याहून मोठा हिस्सा स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी बांधलेला असावा, एवढी मूळ अट. तपासनीस येतो, बांधणीची वही, छायाचित्रं आणि विमान पाहतो. मग नेमून दिलेल्या क्षेत्रात, सहसा २५ किंवा ४० तास, प्रवासी न घेता उडवून दाखवायचं. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये उभारलेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन यात बांधणाऱ्यांना हात देते. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्यावर येऊन सही करतात. दोन्हीकडे जाणत्या हौशी लोकांची संघटना सरकारचं ओझं हलकं करते. आपल्याकडे अशी संघटना नाही, आणि माझ्या मते नियमांच्या त्रुटीइतकीच ही उणीव मोठी आहे.

असं म्हणू नये की भारताला प्रायोगिक विमानांचा अनुभवच नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, अमेरिकन रचनाकार बर्ट रुटान यांच्या आराखड्यावर आधारलेलं हलकं विमान १९८० च्या दशकात बांधून उडवलं. याच प्रयोगशाळेचं हंसा १९९३ मध्ये उडालं, सारस २००४ मध्ये. सारसच्या पहिल्या दोन नमुन्यांवरची चिन्हं होती व्हीटी-एक्सएसडी आणि व्हीटी-एक्सआरएम. त्यातला दुसरा नमुना ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ बिदडीला चाचणीत कोसळला आणि वायुदलाचे तीन अधिकारी गेले. त्या घटनेने प्रायोगिक हा शब्द किती जड आहे ते सगळ्यांना कळलं. पण चिन्हांकडे पाहा. व्हीटीनंतर 'एक्स' लावून प्रायोगिक विमान वेगळं ओळखण्याची रीत आपल्याकडे आहे. ती सरकारी प्रयोगशाळेपुरती न ठेवता हौशी बांधणीला लागू केली, तर फ्रान्सच्या 'एफ-पी'सारखा स्पष्ट गट आपल्याला विनासायास मिळेल. बंगळूरच्याच राज हंस कंपनीने एक्स-एअर ही हलकी विमानं किटच्या रूपात परदेशी पाठवली. म्हणजे आपल्या देशात बनलेला किट परदेशातल्या हौशी माणसाच्या हातून जुळून तिकडचं चिन्ह लावून उडतो, आणि इथल्या माणसाने बांधायचं म्हटलं तर रकाना सापडत नाही. याची मला खरोखर खंत वाटते.

'व्हीटी' बदलावं की नाही, हा वाद अधूनमधून संसदेत आणि न्यायालयातही गेला आहे. 'व्हाइसरॉयचा प्रदेश' असा त्या अक्षरांचा अर्थ सांगितला जातो. तो लोकांत रूढ झाला आहे, पण अक्षरं आली ती रेडिओच्या वाटपातून, ब्रिटिश साम्राज्याला मिळालेल्या 'व्ही'च्या गटातून. पाकिस्तानने 'एपी' घेतलं, श्रीलंकेने '४आर', नेपाळकडे '९एन' आहे. भारताच्या वाट्याला एटी ते एडब्ल्यू आणि ८टी ते ८वाय हेही गट आहेत, तेव्हा बदलायचं ठरलं तर अक्षरं उपलब्ध आहेत. पण मग प्रत्येक विमान पुन्हा रंगवावं लागेल, प्रत्येक प्रमाणपत्र आणि भाडेकरार बदलावा लागेल. माझ्या लेखी पहिल्या दोन अक्षरांवर खर्च होणारी शक्ती पुढच्या तीन अक्षरांच्या नियमांवर खर्च झाली तर बांधणाऱ्यांचं भलं होईल.

चिन्हाचं एक रूप असं आहे की ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. परिशिष्ट ७ प्रमाणे प्रत्येक विमानात मुख्य दाराजवळ, ठळक जागी, आगीत टिकेल अशा धातूची पाटी हवी आणि तिच्यावर निदान राष्ट्रीयत्वाचं व नोंदणीचं चिन्ह कोरलेलं हवं. विमान जळालं, रंग गेला, तरी पाटी उरते. साध्या ॲल्युमिनियमची पाटी आगीत वितळते, म्हणून सहसा स्टेनलेस स्टीलची घेतात आणि रिव्हेटने ठोकतात. अमेरिकेत अशा विमानाला बाहेरच्या बाजूला एक पाटी लागते, बांधणाऱ्याचं नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक सांगणारी. त्यातला बारकावा फार मोलाचा आहे. किट कुठल्याही कंपनीचा असो, पाटीवर नाव येतं ते बांधणाऱ्या माणसाचं. अनुक्रमांकही तोच देतो. 'एक' असा दिला तरी चालतो. कायद्याने त्या माणसाला निर्माता मानलं, आणि निर्मात्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर यान उडवल्याची गोष्ट आपल्याकडे अजून सांगितली जाते. त्या उड्डाणाचा ठोस समकालीन पुरावा नाही, आणि १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी, ही गोष्ट ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाशी जोडली जाते त्यातली यानं उडू शकणार नाहीत असं दाखवून दिलं. ती चर्चा इथे वाढवत नाही. पण व्हीटी-एनएमडीबद्दल असा वाद शंभर वर्षांनीही होणार नाही, कारण त्याची नोंद सरकारी वहीत आहे. बांधणाऱ्याच्या श्रमाला मिळणारं याहून मोठं संरक्षण मला माहीत नाही.

रंगवलेल्या अक्षरांचं महत्त्व आता कमी झालं, असंही ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. आजच्या ट्रान्सपॉन्डरमध्ये प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतंत्र संकेत असतो. भारताच्या वाट्याचे संकेत षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत ८ ने सुरू होतात. हा संकेत नोंदणीला जोडलेला असतो, नोंदणी बदलली की तोही बदलतो. घरी बांधणाऱ्याने जुना ट्रान्सपॉन्डर विकत घेतला आणि आधीच्या विमानाचा संकेत तसाच राहिला, तर रडारवर तो दुसराच कुणी म्हणून दिसेल. अक्षरं आणि संकेत जुळतात का, हे पहिल्या उड्डाणाआधी तपासायलाच हवं.

ड्रोनने तर अक्षरं रंगवण्याचा प्रश्नच बाजूला सारला. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे मिळणारा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर यंत्राच्या, त्यातल्या उड्डाण नियंत्रकाच्या आणि जमिनीवरच्या नियंत्रण केंद्राच्या अनुक्रमांकांशी बांधलेला असतो. शिक्षणसंस्था आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना संशोधनासाठी, हिरव्या क्षेत्रात आणि स्वतःच्या ताब्यातल्या आवारात, या नंबरापासून आणि टाइप सर्टिफिकेटपासून सूट आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणूस बसत नसलेल्या यंत्रासाठी प्रयोगाला वेगळी वाट हवी, हे सरकारने मान्य करून २०२१ मध्ये ती लिहूनही काढली. माणूस बसणाऱ्या घरगुती विमानासाठी अटी अर्थातच कडक असणार, पण वाट लिहून काढायला अडचण नसावी.

छत्तीसगडपुरतं बोलायचं तर जागा आणि माणसं दोन्ही आहेत. रायपूरच्या ३ सीजी एअर स्क्वाड्रन एनसीसीचे कॅडेट मायक्रोलाइटमधून हवेत जातात. जशपूरच्या आगडीहच्या धावपट्टीवरही त्यांचं प्रशिक्षण झालं आहे. महाराष्ट्राच्या बाजूला गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण चालतं. रायपूरहून कुणी विमान बांधायला घेणार असेल तर त्याने पहिला पत्रा कापण्याआधी महासंचालनालयाशी लेखी बोलावं, बांधणीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, प्रत्येक रिव्हेटच्या ओळीचं छायाचित्र तारखेसह काढावं, आणि पत्रा, बोल्ट, नळ्या यांची बिलं व प्रमाणपत्रं जपावीत. मालकी सिद्ध करायला बिलं लागतात, आणि सुट्या भागांतून जन्मलेल्या विमानाला दुसरा कुठलाच जन्मदाखला नसतो. चाचणी कोणत्या धावपट्टीवर घेणार हेही सुरुवातीलाच ठरवावं. व्हीटी-एनएमडीला मुंबईच्या गर्दीच्या आकाशातून धुळ्याला जावं लागलं, ते उगाच नाही.

सरकारकडे मागायच्या गोष्टी मोजक्या आहेत. हौशी बांधणीसाठी व्हीटी-एक्स किंवा तसा एखादा स्वतंत्र अक्षरगट. दाराजवळ 'प्रायोगिक' हा शब्द, इंग्रजीसोबत हिंदीतही. बांधणीच्या टप्प्यांवर तपासणी करून सही देणाऱ्या अनुभवी अभियंत्यांची अधिकृत यादी. चाचणी उड्डाणांच्या तासांची आणि क्षेत्राची आधीच छापलेली मर्यादा, म्हणजे प्रत्येक अर्जदाराला ती नव्याने मागावी लागणार नाही. आणि नोंदणीच्या अर्जात निर्मात्याच्या रकान्यात एका माणसाचं नाव लिहिण्याची स्पष्ट सोय. यासाठी संसदेने नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागत नाही. नागरी विमान वाहतुकीच्या आवश्यकता म्हणजे सीएआर काढण्याचा अधिकार विमान नियमांतला नियम १३३अ महासंचालकांना देतो, आणि मायक्रोलाइटसाठी असा स्वतंत्र सीएआर त्यांनी पूर्वीच काढलेला आहे.